गोळ्या आल्या म्हणून पाणी चुकत नाही



मागच्या रविवारी व्याख्यान संपल्यावर स्थानकाच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता ओळखीतल्या एक वहिनी म्हणाल्या, "अहो, आता ते दोन लिटरचं खारट पाणी प्यावं लागत नाही म्हणे. गोळ्या आल्यात. त्या मिळाल्या की मी करून घेईन ती आतड्याची तपासणी." शेजारच्या दोघींनी लगेच माना डोलावल्या. एकीनं विचारलं, "कुणी अमेरिकेला जाणारं आहे का हो?"

मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं. तिथे पायरीवर उभं राहून जे बोलता आलं नाही ते आज लिहिते आहे. विषय शौचाचा आहे. नाक मुरडायचं असेल त्यांनी मुरडावं, पण वाचावं मात्र शेवटपर्यंत.

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून बारीक, लवचीक नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं. आतडं काचेसारखं स्वच्छ असेल तरच डॉक्टरांना काही दिसतं. म्हणून आदल्या दिवशी पोट पूर्ण साफ करायचं औषध देतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पेग नावाची पावडर देतात. ती दोन लिटर पाण्यात विरघळवायची आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक एक पेला प्यायची. चव खारट-गुळमट, अंगावर काटा आणणारी. खोटं कशाला बोलू, मलाही तिसऱ्या पेल्याला उमासा आला होता.

ज्या गोळ्यांची चर्चा चालू आहे त्या सल्फेटच्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यांना २०२० च्या नोव्हेंबरात मान्यता दिली. एकूण चोवीस गोळ्या, बारा आदल्या संध्याकाळी आणि बारा तपासणीच्या सकाळी. ऐकायला किती सुटसुटीत! पण मी कॉमर्सची. जमा दाखवली की नावे किती, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या बाटलीसोबत आलेला कागद मी वाचला आहे आणि त्यातला हिशेब तुमच्यापुढे मांडते.

बारा गोळ्या घेताना सोळा औंस, म्हणजे साधारण ४७३ मिलिलिटर पाणी प्यायचं. साधारण दीड मिनिटाला एक गोळी, प्रत्येकीबरोबर पाण्याचे घोट. शेवटची गोळी गिळल्यावर तासाभरानं पुन्हा सोळा औंस. त्यानंतर अर्ध्या तासानं आणखी सोळा औंस. म्हणजे एका वेळेला १४१९ मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेवढंच. बेरीज करा, २८३८ मिलिलिटर. पावणेतीन लिटरच्या वर!

पावडरीचे दोन लिटर नकोत म्हणून आपण चोवीस गोळ्या घेतो आणि पाणी पितो पावणेतीन लिटर. पावडरीवरही डॉक्टर वरून थोडं साधं पाणी प्यायला सांगतात, हे मान्य. तरी गोळ्यांमुळे पाणी वाचलं असं कुठल्याही वहीत निघत नाही. वाचते ती फक्त चव. चव वाचणं हेही काही कमी नाही, पण मग तेवढंच म्हणा. "पाणी प्यावं लागत नाही" असं कृपा करून कुणाला सांगू नका.

हे मी इतकं ठासून का सांगते आहे, ते आता सांगते. सांगायला सोपं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जाऊबाईंना शौचातून रक्त जाऊ लागलं. सहा महिने त्यांनी ते मूळव्याध म्हणून काढले. इसबगोल झालं, ताक झालं, गावातल्या एकाची पुडी झाली. शेवटी हिमोग्लोबिन खाली गेलं तेव्हा डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी लिहून दिली आणि सोबत पावडर. त्याच सुमारास न्यू जर्सीहून माझी भाची आली होती. तिच्या सासूबाईंसाठी घेतलेली गोळ्यांची बाटली त्यांची तपासणी पुढे गेल्यामुळे तशीच राहिली होती. ती बाटली भाचीनं माझ्याकडे दिली आणि मी ती जाऊबाईंच्या हातात ठेवली. "पावडर राहू दे कपाटात, ह्या घे, सोप्या आहेत," असं मी म्हटलं. कागद तेव्हा मी वाचला नव्हता. इंग्रजी येत असून वाचला नव्हता.

डॉक्टरांना आम्ही विचारलं नाही, कळवलंही नाही.

पौषाचे दिवस होते, सूर्य लवकर मावळायचा. जाऊबाईंना कित्येक वर्षांचा चौविहार. त्यांनी संध्याकाळी बारा गोळ्या कशाबशा पेलाभर पाण्यात उरकल्या आणि सूर्यास्ताला पाणी बंद केलं. पुढचं जे एक लिटर पाणी होतं, ते गेलंच नाही. रात्रभर पोटात कळा, चक्कर, पायात गोळे. सकाळी नवकारसी येईपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं, तोंडात काही घालायचं नाही. त्यानंतर घाईघाईत उरलेल्यांपैकी सहा-सात गोळ्या घेतल्या. तपासणी दहाला. डॉक्टरांनी नळी घातली आणि थोड्या वेळात बाहेर येऊन सांगितलं की आतडं साफ नाही, काही दिसत नाही, पुन्हा यावं लागेल.

पुन्हा जाण्यात पाच आठवडे गेले. आधी अशक्तपणा भरून काढायचा होता, मग घरात लग्न निघालं, मग त्या म्हणाल्या नको आता. पाच आठवड्यांनी पावडर घेऊन, नीट तयारी करून गेल्या तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ सापडली. ऑपरेशन झालं. आज त्या बऱ्या आहेत, परवा आयंबिलही केलं. पाच आठवड्यांनी फार फरक पडला नसेल असं डॉक्टर म्हणाले. पण त्या पाच आठवड्यांतली एकेक रात्र माझ्या खात्यावर लिहिलेली आहे आणि ती कुणाला खोडता येत नाही.

गोळी वाईट नव्हती. आम्ही तिला सोय समजलो, औषध समजलो नाही.

आता ज्या बहिणी "कुणी अमेरिकेला जाणारं आहे का" म्हणून विचारत फिरतात त्यांच्यासाठी थोडा इतिहास. पोट साफ करायच्या गोळ्या ही काही कालची गोष्ट नाही. त्याच अमेरिकेत २००० साली आणि पुन्हा २००६ साली सोडियम फॉस्फेटच्या गोळ्यांना मान्यता मिळाली होती. लोक खूश झाले, चव नाही, कटकट नाही. पुढे असं दिसून आलं की काही जणांच्या मूत्रपिंडात फॉस्फेट आणि कॅल्शियमचे कण बसतात आणि मूत्रपिंड कायमचं अधू होतं. डिसेंबर २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्या गोळ्यांवर सगळ्यांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. सल्फेटच्या गोळ्या वेगळ्या आहेत. पण त्याही आतड्यात पाणी ओढून घेऊनच काम करतात आणि त्यांच्या कागदावरही मूत्रपिंडाच्या आणि क्षारांच्या सूचना आहेत. ओढलेलं पाणी आपण परत प्यायलो नाही तर ते शरीरातूनच वजा होणार. ही साधी वजाबाकी आहे.

आणि आपल्या वयाच्या बायकांच्या डब्यात काय काय असतं ते आठवा. रक्तदाबाची गोळी, त्यात कधी लघवी वाढवणारी. मधुमेहाची गोळी. गुडघेदुखीची, जी आपण वाटेल तेव्हा घेतो. कुणाला रक्त पातळ करायची. उपाशी पोटी यातली कुठली चालू ठेवायची आणि कुठली बंद, हे मेडिकलवाल्या मुलाला माहीत नसतं. भाचीला माहीत नसतं. मला तर नव्हतंच. लोहाच्या गोळ्यासुद्धा काही दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण त्यानं शौच काळं आणि चिकट होऊन आतड्याला चिकटून राहतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना तो डबा जसाच्या तसा पिशवीत घालून न्या. औषध पेगचं आहे, फॉस्फेटचं की सल्फेटचं, हे विचारा. मूत्रपिंडाची रक्ततपासणी केली आहे का, हेही विचारा. एवढं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले की तुम्हाला गोळ्याच द्यायच्या, तर खुशाल घ्या. पावडरीची उलटी होणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी गोळी हा आधार आहे आणि नीट घेतली तर ती आतडं चांगलं साफ करते. माझं भांडण गोळीशी नाही. "गोळ्या मिळाल्या की करीन" या वाक्याशी आहे.

कारण त्या वाक्याच्या मागे काय असतं ते मला ठाऊक आहे. मीही ते दोन वर्षं म्हणत होते, फक्त शब्द वेगळे होते. दिवाळी झाली की करीन. सुनेचं बाळंतपण झालं की करीन. चातुर्मास संपला की करीन.

मैत्रिणींनो, आपण अठाई करतो. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी आणि तेही दिवसाउजेडी. आपल्यातल्या काहींनी मासक्षमण केलं आहे, काहींचं वर्षीतप चालू आहे. आणि त्याच आपण म्हणतो की दोन लिटर खारट पाणी पिववत नाही? माझा विश्वास बसत नाही. आयंबिलात तूप, तेल, दूध, मसाला काही नसतं, तरी आपण ते हसत गिळतो. जिभेवर ताबा आपल्याला कुणी शिकवायला नको. अडतं ते दुसरीकडेच, आणि ते म्हणजे लाज. परक्या माणसापुढे कुशीवर झोपायचं, शौचाला कितीदा जाऊन आलो ते नर्सला सांगायचं, याची लाज.

या लाजेला धर्माचा आधार आहे असं कुणी म्हणत असेल तर तिनं जरा पाच समित्या आठवाव्यात. पाचवी समिती कशाची आहे? मलमूत्र, कफ, मळ यांचा त्याग कसा आणि कुठे, किती जपून करायचा, याची. आपल्या साधू-साध्वींच्या रोजच्या आचारात शौचाला एक पूर्ण समिती दिली आहे. बारा भावनांमधली सहावी अशुची भावना. हे शरीर आतून काय आहे याचं चिंतन आपण करतो, डोळे मिटून करतो. आणि डॉक्टरांनी साधं विचारलं की शौचाचा रंग कसा आहे, तर नवऱ्याकडे बघतो! रंग नवऱ्याला कसा माहीत असणार?

दुसरी पळवाट चौविहाराची. ही बोलायला नाजूक आहे, म्हणून जपून लिहिते. व्रत मोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण व्रत आणि तपासणी यांची आपण समजतो तेवढी टक्कर नसते. आधी वेळ विचारून घ्या. माझ्या वेळी मी डॉक्टरांना स्वच्छ सांगितलं की मी सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही, मला दुपारची वेळ मिळेल का? ते म्हणाले, जरूर. आदल्या दिवशी चार ते साडेपाचमध्ये मी पहिला लिटर संपवला, वर साधं पाणी आणि नारळपाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी नवकारसी पाळून सव्वासातला दुसरा लिटर सुरू केला, पावणेनऊला संपला. तपासणी एकला होती. औषधाचा दुसरा भाग तपासणीच्या दिवशी सकाळी घेतला तर आतडं जास्त स्वच्छ राहतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं. माझा चौविहार राहिला आणि आतडंही साफ झालं. फक्त तोंड उघडून विचारायचं होतं. जाऊबाईंच्या वेळी ते कुणीच विचारलं नाही.

पण सगळ्यांना हे जमेल असं नाही. मधुमेह असेल, मूत्रपिंड नाजूक असेल, सकाळचीच वेळ मिळाली असेल, तर डॉक्टर रात्री पाणी प्यायला सांगतील. मग प्यायचं. पच्चक्खाण घेताना आपण आगार ठेवतो. त्यातला शेवटचा, सव्वसमाहिवत्तियागार, कशासाठी आहे? रोगपीडेनं समाधी ढळू लागली तर औषधपाणी घेता यावं म्हणून. ज्यांनी हे पाठ रचले त्यांना माणसाचं शरीर माहीत होतं. सूट त्यांनी व्रताच्या आतच ठेवली आहे. मी एका महासतीजींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की रोजचं पच्चक्खाण असेल तर त्या रात्रीपुरतं घेऊ नका, जन्माचं असेल तर आगार आहेच, मनाला लागलं तर नंतर आलोचना करा, पण अर्धवट औषध घेऊन शरीराला दोनदा कष्ट देऊ नका. तुम्हीही आपापल्या गुरुणीजींना विचारा. त्यांना विचारायला लाज वाटत असेल तर हा लेख दाखवा.

तिसरं, "पुद्गलाचा देह, त्याचे एवढे लाड कशाला? वेळ आली की संथारा घेईन." हे वाक्य ऐकलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. संथारा म्हणजे तपासणी टाळण्याचा दाखला नव्हे. जागेपणी, शांत मनानं, गुरूंच्या आज्ञेनं, देह खरंच उतरणीला लागल्यावर घ्यायचं ते व्रत आहे. जी गाठ वेळेवर काढता आली असती ती लाजेपायी वाढू द्यायची आणि तिला वैराग्य म्हणायचं, हे कुठल्या आगमात बसतं? आतड्यातला कर्करोग बहुतेक वेळा साध्या मांसाच्या कोंबापासून, पॉलिपपासून सुरू होतो आणि त्याला बरीच वर्षं लागतात. त्या वर्षांत तो कोंब तपासणीतच त्याच नळीनं काढता येतो. माझे दोन निघाले. मला कळलंसुद्धा नाही, मी झोपेत होते.

प्रत्येकीनं उठून ही तपासणी करावी असं माझं म्हणणं नाही. पण शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना हिमोग्लोबिन कमी होत असेल, पोटाची सवय अचानक बदलली असेल, वजन उतरत असेल, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर घरगुती पुड्या थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारी तपासणी मोहिमेत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बघतात, आतड्याचा त्यात नाही. त्यामुळे दारात येऊन कुणी विचारणार नाही. आपणच जायचं आहे.

आता स्वयंपाकघरातलं थोडं, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाजी, सालं, बिया, तीळ, कडधान्यं, पेरू-डाळिंब बंद. हिरवी भाजी बंद ठेवणं आपल्याला नवीन नाही, आठम-चौदसला ठेवतोच. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, दही, मैद्याचा फुलका, एवढ्यावर भागतं. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तिथपासून फक्त निवळ पातळ पदार्थ, म्हणजे नारळपाणी, गाळलेलं लिंबू-साखर-मीठपाणी, डाळीवरचं निवळ पाणी. दूध नाही, दुधाचा चहा नाही, लाल-जांभळी सरबतं नाहीत. परदेशातून आलेल्या यादीत कोंबडीचं सूप आणि जेली लिहिलेली असते. त्यातल्या जेलीला फसू नका, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. पाणी पहाटे नव्हे, आदल्या सकाळीच उकळून, गाळून, माठात गार करून ठेवा. गार पाण्यात पावडर कालवली की चव दबते. नळीनं प्या, मधेमधे लिंबाची फोड चोखा. संडासाजवळची खोली मोकळी करून घ्या, आणि घरच्यांना सांगून ठेवा की आज स्वयंपाक मी करणार नाही. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. माझ्या जाऊबाई त्या संध्याकाळी गोळ्या गिळता गिळता पाहुण्यांसाठी पुऱ्या तळत होत्या.

रविवारच्या त्या वहिनींना मी काल फोन केला. कोलोनोस्कोपीची चिठ्ठी त्यांच्या देवघराच्या खणात आठ महिने पडून आहे, हे तेव्हा कळलं. येत्या बुधवारी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जाते आहे. औषधांचा डबा घेऊन. दुपारची वेळ मागायला.

तुमच्या खणात अशी एखादी चिठ्ठी असेल तर आजच काढा. आणि एकटीला धीर होत नसेल तर जाऊबाईंना, नणंदेला, शेजारणीला सोबत न्या. माझ्यामुळे कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण लिहिलेलं मागे घेणार नाही.

जय जिनेंद्र.